विषय: भाच्याची गाडी अन् ६२ ग्रॅम एमडी

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या वर्गणीचा मेल नाही हा, घरचंच लफडं आहे. दारव्ह्याकडे आमच्या ताईचा पोरगा बोलेरो भाड्यानं चालवते. मागच्या हप्त्यात नागपूरहून येताना दोन पोट्टे बसवले, वाटेत पोलिसांनी थांबवलं तर मागच्या सीटखाली एमडीची, म्हणजे नशेच्या भुकटीची, पिशवी निघाली, ६२ ग्रॅम. तिघंही आत. पोरगा म्हणते मले काहीच माहीत नव्हतं. गावातला एकजण म्हणते दीड लाख द्या, पंधरा दिवसात जामीन करून देतो. ताई रोज फोनवर रडते, कापूस वावरातच पडून आहे. पाठवू का पैसे?

---

भाऊ,
त्या माणसाले एक रुपया पाठवू नका. इकडं यायच्या आधी मी यवतमाळले वकिली केली आहे, असे पंधरा दिवसवाले लय पाहिले.

एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, सगळा खेळ वजनाचा. एमडी म्हणजे मेफेड्रोन, त्याची व्यावसायिक मात्रा, म्हणजे धंद्याचा माल धरायची हद्द, ५० ग्रॅम. त्याच्या आत असतं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे कोर्ट कमीही देऊ शकते, पण ५० ओलांडले की कमीत कमी १० वर्षं, वर २० पर्यंत, अन् दंड १ लाखापासून पुढं. तुमचे ते वरचे १२ ग्रॅमच नडले पाहा. अन् माल भेसळीचा आहे म्हणून सुटका नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हिरा सिंग केसमध्ये सांगूनच टाकलं की मिसळलेल्या भुकटीसकट अख्खं वजन धरायचं.

जामिनाले कलम ३७ आडवं येते. हा गुन्हेगार नाही अन् सुटल्यावर पुन्हा करणार नाही, असं न्यायाधीशाले वाटलं पाहिजे, तेव्हाच. चार्जशीटले पोलिसांकडे ९० नाही, १८० दिवस असतात. अन् "माहीत नव्हतं" हे इथं नुसतं म्हणून भागत नाही, कलम ३५ खाली ते आपल्यालेच सिद्ध करावं लागते, म्हणून भाड्याचं बोलणं, फोनपेची नोंद, कॉल रेकॉर्ड आत्ताच जमवा, फोन नवीन घेऊन जुना विकला असं काही करू नका बापा! पोलिसांपुढं कबुलीजबाब लिहून घेतला असला तर घाबरू नका, तो पुराव्यात चालत नाही.

पण मले सगळ्यात आधी पंचनामा पाहायचा आहे. ६२ ग्रॅम हे पिशवीसकट का पिशवीशिवाय? मॅजिस्ट्रेटसमोर कलम ५२अ प्रमाणं नमुने काढले का? गाडीचं नंतर पाहू, मालकाले माहीत नव्हतं हे दाखवता आलं तर ती सुटू शकते.

---

ताईनं पंचनाम्याचा फोटो पाठवला. "प्लास्टिक पाऊचसह एकूण वजन ६२ ग्रॅम" असं लिहिलं आहे, निव्वळ वजनाची जागा कोरी आहे. चार पाऊच होते म्हणे.

---

भाऊ, पाऊचचं वजन वजा करून माल ५० च्या आत आला तर सगळा खेळच बदलते, हा फोटो आजच यवतमाळच्या वकिलाले पाठवा. अन् मूळ प्रतीची नक्कल काढायले सांगा, फोटोवर राहू नका.