मदत हवी आहे: बॅडमिंटन डबल्ससाठी रॅकेट, डोक्याला जड की हलकी?

संध्याकाळची_बॅच
नमस्कार मंडळी. नवीन रॅकेट घ्यायची आहे. दुकानात तीन जणांनी तीन सल्ले दिले, म्हणून हा धागा.

पुण्यात खेळतो, फक्त डबल्स, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी. एरवी नायलॉनचं शटल (योनेक्सचं मॅव्हिस 350), रविवारी पिसांचं (फेदर). वय चाळिशीच्या आसपास. मी बहुतेक वेळ नेटजवळ, जोडीदार मागून मारतो. सध्याची रॅकेट 3यू (वजनाचा वर्ग), डोक्याला जड, शाफ्ट (दांडा) कडक, गटिंग (जाळीच्या तारा म्हणजे गट ताणून बसवणं) 27 पौंडाला.

अडचणी: अंगावर ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटका) आला की रॅकेट वर यायला उशीर होतो. मागच्या रेषेवरून मारलेला टॉस (उंच, लांब फटका) पलीकडे अर्ध्या कोर्टातच पडतो. आणि खेळून झालं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणकतं. बजेट सहा-सात हजार. योनेक्सची जड डोक्याची अ‍ॅस्ट्रॉक्स की हलक्या डोक्याची नॅनोफ्लेअर?

तेवीस_पौंड
आधी रॅकेट नको, गटिंग बदला. तुमची निम्मी तक्रार त्या 27 मध्ये आहे.

टेन्शन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा गैरसमज फार पसरलाय. गट जितका ताणलेला तितका तो शटलला कमी उसळी देतो आणि मधली चांगली जागा लहान होते. मनगटाचा झटका जोरदार असेल तर त्या बदल्यात नेमकेपणा मिळतो. नसेल तर टॉस आखूड पडतो आणि मधोमध न लागलेल्या प्रत्येक फटक्याचा हादरा थेट कोपरापर्यंत जातो. 23 किंवा 24 ला करून घ्या. गट बीजी 65 घ्या, 0.70 मिलिमीटरचा, टिकाऊ. बीजी 66 अल्टिमॅक्स 0.65 चा आहे. आवाज छान येतो, उसळीही जास्त, पण फेदरवर फ्रेमजवळ एखादा फटका चुकला की तुटतो. आडव्या गटांना उभ्यांपेक्षा एखादा पौंड जास्त द्यायला सांगा, म्हणजे फ्रेमचा आकार बिघडत नाही.

आणि मॅव्हिसच्या बुचावरची पट्टी कुठल्या रंगाची आहे? हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. थंड हवेत शटल आखूड पडतं. डिसेंबरच्या संध्याकाळी हिरव्या पट्टीचं शटल मागच्या रेषेपर्यंत जात नसेल तर दोष रॅकेटला देऊ नका.

कोपरा_सांभाळा
वरच्याशी सहमत. फक्त कोपराबद्दल भर घालतो. मूठ घट्ट आवळून खेळणं हे त्या दुखण्याचं नेहमीचं कारण. ग्रिप हाताला बारीक पडली की आपोआप जास्त आवळली जाते. फार जाड झाली की बोटांनी फिरवता येत नाही आणि सगळं काम मनगट-कोपरावर येतं. योनेक्समध्ये जी4 पेक्षा जी5 बारीक, जी5 पेक्षा जी6 (आकडा मोठा, मूठ लहान). जी5 वर एक ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) बहुतेकांना बसते. पकडल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात करंगळी मावेल न मावेल इतकी फट राहावी. दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर फिजिओला दाखवा. रॅकेट हा त्यावरचा इलाज नव्हे.

तोल_मापी
आता मूळ प्रश्न. "डोक्याला जड" हे डोळ्यांनी किंवा हातात घेऊन ठरवू नका, मोजा. पट्टी कडेवर उभी धरून तिच्यावर शाफ्ट आडवा ठेवा, रॅकेट जिथे स्थिर राहते तिथे खूण करा आणि मुठीच्या बुडापासून खुणेपर्यंतचं अंतर टेपने घ्या. ढोबळमानाने 285 मिलिमीटरच्या खाली हलकं डोकं, 295 च्या वर जड, मधलं समतोल.

यात गोम अशी की कंपनीचा आकडा बऱ्याचदा कोऱ्या रॅकेटचा असतो. गट साधारण साडेचार ग्रॅमचा, आणि तो सगळा डोक्यात बसतो, त्यामुळे तोल दहा-बारा मिलिमीटर वर जातो. पाच ग्रॅमची ओव्हरग्रिप तो जवळपास तेवढाच खाली आणते. म्हणून तुमची रॅकेट आणि दुकानातली रॅकेट एकाच अवस्थेत मोजा, नाहीतर तुलना फसते. मूळ ग्रिप काढून नुसती पातळ ओव्हरग्रिप लावणाऱ्यांची मूठ हलकी होते आणि रॅकेट नकळत डोक्याला जड होऊन बसते. तुम्ही तसं केलंय का?

संध्याकाळची_बॅच
हो! मूळ ग्रिप काढली आहे, वर एकच ओव्हरग्रिप. आत्ता मोजलं, 308 आलं. शटलची पट्टी हिरवी.

तोल_मापी
मग उशीर का होतो ते कळलंच. तळाला मूळ ग्रिपसारखी जाड ग्रिप परत लावा, वर ओव्हरग्रिप. तोल बराच खाली येईल. एकूण वजन वाढेल, पण ते मुठीत असल्याने ड्राइव्हच्या वेळी फारसं जाणवत नाही. 24 चं गटिंग, निळ्या पट्टीचं शटल आणि ही ग्रिप, एवढं करून दोन आठवडे खेळा, मग खरेदीला जा.

स्मॅश_किंवा_काहीच_नाही
एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅस्ट्रॉक्स घ्या. डोकं जड असल्याशिवाय स्मॅशला वजन येत नाही.

तेवीस_पौंड
येतं की. आपल्या डबल्स खेळाडू सात्विकसाईराजने एप्रिल 2023 मध्ये जपानमधल्या चाचणीत ताशी 565 किमी वेगाचा स्मॅश मारला तो नॅनोफ्लेअर 1000झेडने, म्हणजे हलक्या डोक्याच्या मालिकेतल्या रॅकेटने. वेग हाताच्या झटक्यातून येतो. जड डोकं मदत करतं, पण तुम्ही शटलच्या मागे वेळेवर पोचला असाल तरच. धागाकर्ते नेटवर उभे असतात, त्यांना मदत परतीच्या वेगाची हवी.

अर्थात त्यांचा जोडीदार विचारत असता तर मीही अ‍ॅस्ट्रॉक्सच म्हटलं असतं. 88 एस पुढे खेळणाऱ्यासाठी, 88 डी मागून मारणाऱ्यासाठी, अशी जोडीच काढली आहे योनेक्सने.

तोल_मापी
खरेदीच करायची झाली तर: 4यू (80 ते 84 ग्रॅम, तुमची 3यू म्हणजे 85 ते 89), समतोल किंवा किंचित हलकं डोकं, शाफ्ट मध्यम. शाफ्टवर तडजोड नको. संथ झटक्याला कडक शाफ्ट वाकतच नाही, मग उसळी हाताने भरून काढावी लागते. 5यू (75 ते 79) ड्राइव्हला छान, पण मागून टॉस मारताना हात जास्त जोरात फिरवावा लागतो.

नावाला भुलू नका. एकाच मॉडेलच्या प्ले, गेम, टूर, प्रो अशा पायऱ्या असतात. रंग जवळपास सारखे, शाफ्ट आणि साहित्य वेगळं. तुमच्या बजेटमध्ये प्रो बसत नाही आणि तुम्हाला ती नकोच आहे, प्रोचा शाफ्ट साधारण कडक असतो.

दुकानात स्वतःची ओव्हरग्रिप घेऊन जा. ती लावून रॅकेट छातीसमोर धरा आणि कोपर न हलवता फोरहँड-बॅकहँड असे वीस झटके भराभर द्या. दहाव्यालाच टोक मागे रेंगाळायला लागलं तर ती रॅकेट ठेवून द्या. मग शाफ्ट एका डोळ्याने बंदुकीसारखा न्याहाळा, वाकडा दिसतो का. फ्रेम आणि शाफ्टच्या सांध्यावर नखाने चीर तपासा. मुठीच्या वरच्या निमुळत्या टोपणावर (कोन) छापलेली टेन्शनची कमाल मर्यादा वाचून घ्या. तिच्या वर गटिंग केलं तर फ्रेम तुटल्यावर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

संध्याकाळची_बॅच
खूप आभार. गटिंग उद्याच टाकतो. एक शंका राहिली: जुना गट कोपऱ्यात तुटलाय, रॅकेट तशीच चार दिवस बॅगेत आहे. चालेल?

तेवीस_पौंड
नाही, आजच सगळा कापून टाका. एका बाजूचा ताण गेला की दुसरी बाजू फ्रेम ओढत राहते आणि आकार वाकतो. मधल्या गटांपासून सुरुवात करा, एक उभा एक आडवा असं कापत कडेपर्यंत जा. गाडीच्या डिकीत ठेवत असाल तर तेही बंद करा, उन्हात गट सैल पडतो.