हुकूम देणाऱ्यालाच जाब विचारायचा, की पाळणाऱ्यालाही?

नंदुरबारकर मास्तर

परवा येथे एका सदस्याने व्हिएतनाममधील माय लाई गावच्या हत्याकांडाविषयी लिहिताना शेवटी असे म्हटले की, "शिपायाला विचार करण्याचा पगार मिळत नाही; जाब विचारायचा तर हुकूम देणाऱ्याला विचारा, पाळणाऱ्याला नव्हे." या वाक्याला अनेकांनी मनापासून दाद दिली. दाद देणाऱ्यांत माझे दोन जुने विद्यार्थीही होते, म्हणून सविस्तर उत्तर लिहिणे मला भाग आहे.

16 मार्च 1968 रोजी सकाळी अमेरिकी लष्कराची चार्ली कंपनी त्या गावात शिरली, तेव्हा समोरून गोळीबार झाला नव्हता. तरीही काही तासांत म्हातारे, बाया आणि तान्ही मुले मारली गेली. तेथील स्मारकावर आज 504 नावे आहेत. लेफ्टनंट विल्यम कॅली याचा बचाव एवढाच होता की कॅप्टनने सांगितले आणि मी केले. परंतु त्याच कंपनीतल्या काही जवानांनी गावकऱ्यांवर गोळी झाडण्यास नकार दिला आणि त्यांना कोणी जागच्या जागी ठार केले नाही. हुकूम एक, कंपनी एक, शिकवणूक एक. मग एकाने बंदूक खाली धरली आणि दुसऱ्याने चालवली, हा फरक हुकूम देणाऱ्याच्या खात्यावर कसा मांडता येईल? तो फरक ज्याचा त्याचाच आहे.

याहून अस्वस्थ करणारे उदाहरण 13 जुलै 1942 चे आहे. पोलंडमधील युझेफुव गावातल्या ज्यूंना ठार करण्यासाठी जर्मन राखीव पोलिसांची एक बटालियन आणली गेली. त्यांच्या मेजरने, ज्यांना हे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे स्वतःहून सांगितले. सुमारे 500 जणांतून तेव्हा पुढे आले ते जेमतेम डझनभर. त्यांना शिक्षा झाली नाही. उरलेल्यांना "नाही" म्हणण्याची वाट मोकळी होती आणि ते त्या वाटेने गेले नाहीत. त्यांना आपण केवळ बंदुकीचा लाकडी दस्ता समजायचे का?

सुभेदार आबा, अमळनेर

मास्तर, आपले वाचन मोठे आहे, पण आपण कधी रात्रीच्या घेरावात पडून राहिलेला नाहीत. मी पायदळात अठ्ठावीस वर्षे काढली. एकोणीस वर्षांचा पोरगा भरती होतो तेव्हा पहिले नऊ महिने त्याला एकच गोष्ट शिकवली जाते, ती म्हणजे आवाज कानावर पडला की शरीर हलले पाहिजे. हे क्रौर्यासाठी शिकवत नाहीत. "खाली पडा" असे कोणी ओरडले आणि तो विचार करत उभा राहिला तर तो मरतो आणि त्याच्या शेजारचाही मरतो. ज्या सैन्यात प्रत्येक जण आपापला न्यायाधीश असतो ते सैन्य राहत नाही, हत्यारबंद टोळी होते, आणि गावे जाळण्यात टोळ्या सैन्यापेक्षा मागे नसतात.

दुसरे म्हणजे, "सर्वांना जाब विचारा" असे म्हटल्यावर प्रत्यक्षात जाब कोणाला विचारला जातो, तेही सांगा. माय लाईत दोषी ठरला तो एकटा कॅली. त्याला 1971 मध्ये 22 जणांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि तो सुमारे साडेतीन वर्षे, तीही बहुतांशी घरातच, स्थानबद्ध राहून सुटला. त्याचा कॅप्टन मेडिना निर्दोष ठरला. आपल्या दारातले उदाहरण घ्या. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानात जे झाले त्याबद्दल 195 पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवायचे होते. एप्रिल 1974 च्या दिल्ली करारानंतर ते सर्व खटल्याविना परत गेले. त्या लढाईत माझ्या गावचा एक जण गेला; त्याची आई पुढे वीस वर्षे जगली आणि तिला ही गोष्ट समजावून सांगण्याची हिंमत मला कधी झाली नाही. ज्यांनी कट आखला ते करारात सुटतात आणि शिपायाने मात्र सदसद्विवेकाची परीक्षा द्यायची, हे मला मान्य नाही.

जळगावची वकील

आबा, वरचे सुटतात हा आपला संताप मला पूर्ण मान्य आहे. पण वरचा सुटला म्हणून खालचा निर्दोष ठरत नाही, तर दोन गुन्हेगार मोकळे राहतात.

कायद्याचे म्हणाल तर "हुकूम होता" हा बचाव चालत नाही, हा नियम जेत्यांनी 1945 मध्ये नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यासाठी घडवला, असा समज येथे दिसतो. न्यूरेंबर्गच्या सनदेतील आठव्या कलमाने एवढेच म्हटले की वरिष्ठाचा हुकूम जबाबदारीतून सोडवत नाही, मात्र शिक्षा सौम्य करताना तो विचारात घेता येईल. त्याच्या कितीतरी आधी, 1921 मध्ये, लाइपझिगला जर्मनीच्याच सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच नौदलाच्या दोन अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली होती. लँडोव्हरी कॅसल हे कॅनडाचे रुग्णालय-जहाज 1918 मध्ये बुडवल्यावर जीवरक्षक होड्यांतील माणसांवरही गोळे डागले गेले, आणि कमांडरचा हुकूम होता हे सांगूनही ते दोघे सुटले नाहीत, कारण असहाय माणसांना मारणे गुन्हा आहे हे कळायला कायद्याचे पुस्तक लागत नाही, असे त्या न्यायालयाला वाटले.

आपल्याकडेही सेना अधिनियम, 1950 मधील कलम 41 आज्ञाभंगाला शिक्षा देते, पण ते "कायदेशीर" आज्ञेच्या भंगाला. हा एक शब्द जवानाला कोणी समजावून सांगत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 14 खाली दिलेले उदाहरण, सैनिक वरिष्ठाच्या हुकुमावरून जमावावर गोळी झाडतो आणि तो गुन्हा ठरत नाही, हे पोलीस शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळे तोंडपाठ म्हणतात. त्याच वाक्यात "कायद्याच्या आज्ञेनुसार" अशी अट आहे, ती मात्र सगळेच गाळतात. जिवाच्या धमकीखाली केलेल्या कृत्याला कलम 32 संरक्षण देते, पण त्यातून खून वगळलेला आहे.

धुळेकर नातू

ताईंनी जमावावरच्या गोळीबाराचा विषय काढला आणि मास्तर नंदुरबारचे आहेत, म्हणून विचारतो. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि आणखी चौघे पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता आणि त्याच्या हातात तिरंगा होता. त्या पाचही जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. गोळ्या झाडणाऱ्या शिपायांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? मास्तरांच्या न्यायाने ती चौकात लिहायला हवीत का?

माझे पणजोबा तेव्हा पश्चिम खानदेश पोलिसात शिपाई होते. त्या दिवशी ते नंदुरबारात नव्हते, धुळ्याला होते. त्यांचा चामडी पट्टा आणि पितळी बिल्ला आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत आजही आहे. आजी सांगते की ते दर दिवाळीला घरची सगळी भांडी चिंचेने घासून लखलखीत करायचे, पण तो बिल्ला त्यांनी पुन्हा कधी घासला नाही. तो काळा पडला आहे. ते एवढेच म्हणत की माझी पाळी धुळ्याला लागली, ही देवाची कृपा. याचा अर्थ, नंदुरबारला पाळी लागली असती तर आपण काय केले असते हे त्यांना ठाऊक होते. अशा माणसाला गुन्हेगार म्हणायचे का?

नंदुरबारकर मास्तर

तो चौक मी रोज ओलांडतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. आपल्या पणजोबांनी गोळी झाडली नाही, म्हणून त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा प्रश्न येत नाही. पण त्यांनी 9 सप्टेंबरनंतरही तोच पट्टा कमरेला बांधला, हे खरे ना? पेशावरला 23 एप्रिल 1930 रोजी चंद्रसिंह गढवाली यांच्या तुकडीने नि:शस्त्र पठाणांवर गोळी चालवण्यास नकार दिला होता. त्याची किंमत त्यांनी जन्मठेपेने मोजली आणि 1941 मध्ये ते सुटले. हे सर्व 1942 च्या आधी घडलेले आहे. नकार देता येतो हे देशभर माहीत झाले होते.

धुळेकर नातू

मास्तर, हे आपण फार खालच्या पातळीवर आणले. घरात पाच लहान मुले होती, शेत तीन बिघे आणि तेही गहाण. पट्टा काढून ठेवला असता तर त्या पाचांपैकी माझी आजी जगली असती की नाही, ते सांगा. आपल्याला दर महिन्याला निवृत्तिवेतन मिळते. त्या आधारावर मेलेल्या माणसाकडून राजीनामा मागणे सोपे आहे.

सुभेदार आबा, अमळनेर

भाऊ, शांत हो. परंतु मास्तर, चंद्रसिंहांचे नाव आपण वीर म्हणून घेता, आणि त्यातच माझा मुद्दा आहे. ते वीर होते म्हणूनच त्यांचे नाव राहिले. कायद्याने सामान्य माणसाकडून सामान्य वागणुकीची अपेक्षा करावी. ज्याच्याकडून वीरपणा घडला नाही तो प्रत्येक जण खुनी, असे म्हणता येणार नाही.

जळगावची वकील

आबांचा हा मुद्दा नेमका एका खटल्यात दोन्ही बाजूंनी मांडला गेला आहे. द्राझेन एर्देमोविच हा तेवीस वर्षांचा पोरगा बोस्नियातील सर्ब सैन्यात होता. जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनिकाहून बसगाड्यांतून आणलेल्या माणसांना एका शेतावर गोळ्या घालण्याचा हुकूम त्याला मिळाला. तो नको म्हणाला. त्यांची दया येत असेल तर त्यांच्याच रांगेत उभा राहा, असे त्याला सांगण्यात आले. त्याला बायको होती, तान्हे मूल होते. त्याने गोळ्या झाडल्या. आपल्या हातून सुमारे 70 माणसे गेली असावीत असे त्याने स्वतःच, कोणी पकडण्याआधी, सांगितले. 1997 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणातील अपील न्यायाधीशांपैकी तिघांनी ठरवले की मृत्यूची धमकीसुद्धा निरपराधांना मारण्याचा पूर्ण बचाव होऊ शकत नाही; दोघांना ते पटले नाही. दहा वर्षांची शिक्षा पुढे पाच वर्षांवर आली.

मी कायद्याच्या बाजूची आहे, आणि तरीही त्या दोघा न्यायाधीशांचे म्हणणे माझ्या मनातून जात नाही, हे नाइलाजाने मान्य करते. तो मेला असता तरी ती माणसे वाचणार नव्हती. पण माय लाईतल्या कोणाच्या कपाळाला बंदूक लावलेली होती? धुळ्याच्या पणजोबांना नोकरीची भीती होती. नोकरीची भीती आणि मृत्यूची भीती यांना एकाच तागडीत टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

वकिलीच्या पहिल्याच वर्षी मी एका पोलीस शिपायाचे वकीलपत्र घेतले होते. कोठडीतल्या मारहाणीचा खटला होता. "साहेबांनी सांगितले, मी मारले," याखेरीज त्याच्याकडे दुसरे वाक्य नव्हते. बोलताना तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे सारखी दाबत बसायचा. त्याला शिक्षा झाली, साहेबांची बदली झाली. आबा म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही, तो निर्दोष होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

नंदुरबारकर मास्तर

धुळ्याच्या भावांच्या पणजोबांविषयी मी जे लिहिले ते अनुचित होते. ते मी मागे घेतो. मूळ मुद्दा मात्र मागे घेत नाही. 29 ऑक्टोबर 1956 रोजी इस्रायलमधील कफर कासिम गावात अचानक अलीकडे ओढलेल्या संचारबंदीची खबर नसलेले अरब मजूर आणि शेतकरी संध्याकाळी कामावरून परतत होते. सीमा पोलिसांनी त्यांना ओळीने उभे करून मारले. संचारबंदी मोडणाऱ्याला गोळी घालण्याचा तोच हुकूम शेजारच्या गावांतल्या तुकड्यांनाही होता, आणि तेथल्या अधिकाऱ्यांनी परतणाऱ्यांना घरी जाऊ दिले. ते अधिकारी काही पुतळे उभारण्याजोगे वीर नव्हते, आबा. सायकलवरून घरी येणारा मजूर पाहून त्यांना तो मजूरच दिसला. या खटल्यात न्यायाधीशांनी म्हटले की काही हुकुमांवर बेकायदेशीरपणा काळ्या निशाणासारखा फडकत असतो. माझी मागणी एवढीच आहे की ज्याला ते निशाण दिसत होते त्याने "मला दिसले नाही" असे म्हणू नये.

सुभेदार आबा, अमळनेर

काळे निशाण दिवसा दिसते, मास्तर. मी इतके दिवस का भांडतो आहे ते आता सांगतो. ठिकाण आणि वर्ष सांगणार नाही.

माझ्याबरोबर भरती झालेला एक जण होता, आमच्याच तालुक्यातला. एका रात्री एका वस्तीला आम्ही घेराव घातला होता आणि मी त्याच्यापासून दहा पावलांवर पडून होतो. पहाटे एक दार उघडले, एक म्हातारा हातात दोर घेऊन गोठ्याकडे निघाला आणि माझ्या सोबत्याने गोळी झाडली. म्हातारा पडला तेव्हा दोर त्याच्या मुठीतच होता. गाय हंबरत राहिली. चौकशीत "हुकूम होता" असे लिहिले गेले आणि प्रकरण मिटले.

तो सोबती आता निवृत्त होऊन जवळच्या गावात राहतो. आठवडे बाजारात भेटला की तो मला चहाच्या टपरीमागे नेतो आणि दरवेळी एकच विचारतो, "तू व्हता ना रे भो? हुकूम व्हता ना?" मी दरवेळी हो म्हणतो.

हुकूम होता, हे खरे आहे. पण मी ऐकलेला हुकूम "कोणी बाहेर आला तर थांबवा" असा होता. ही गोष्ट मी त्याला कधी सांगितलेली नाही, चौकशीतही सांगितली नाही, आणि आता या वयात त्याला ती सांगावी की नाही, हे ताई, तुमच्या कोणत्याही कलमातून मला उलगडत नाही.