सकाळच्या तासाला पान निळं-काळं होत नाही, आणि उकळलेले मूगही तापतात

दहावी_ब_विज्ञान (प्रश्न)

प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन दाखवायचे दोन नेहमीचे प्रयोग. दोन्ही फसताहेत.

पहिला जास्वंदीच्या पानाचा. शाळा सकाळची, तास साडेसातचा. पान त्याच वेळी आवारातल्या झाडाचं तोडलेलं. पाण्यात उकळलं, स्पिरिटमध्ये हरितद्रव्य काढलं, गरम पाण्यातून काढून लगेच आयोडीन टाकलं (स्टार्च असेल तर पान निळं-काळं व्हायला हवं). रंग पिवळट-तपकिरी. दोन-चार ठिपके सोडले तर निळं काही नाही.

दुसरा थर्मासचा, श्वसनात उष्णता निघते हे दाखवायचा. एकात भिजवलेले मूग, दुसऱ्यात उकळलेले. पहिल्या दिवशी फरक स्पष्ट दिसतो. तिसऱ्या दिवशी उकळलेल्यांचाही पारा चढलेला. मुलं विचारतात, मेलेले मूग श्वसन कसं करतात?

जाता जाता आणखी एक. एका ग्लुकोजपासून एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) किती? एका पुस्तकात ३८, दुसऱ्यात ३२, इंटरनेटवर ३०. वर्गात काय सांगायचं?

---

बाटलीतली_पेज

आयोडीन जुनं असणार. बाटलीचं बूच सैल राहिलं की आयोडीन उडून जातं. पानावर टाकण्याआधी भाताच्या पेजेत एक थेंब टाका. पेज निळी-काळी झाली तर आयोडीन ठीक, दोष पानात किंवा कृतीत. नवीन करायचं तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्याशा पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन, मग ३०० मिली होईपर्यंत पाणी. क्रम उलटा केला तर आयोडीन तळाशी बसून राहतं, कारण नुसत्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं. तपकिरी बाटलीत ठेवा.

---

हरितलवक

पेजेची चाचणी करायलाच हवी, पण इथे खरी गोम घड्याळात आहे. साडेसातला तोडलेलं पान म्हणजे रिकामी कणगी.

पान दिवसा बनवलेल्या साखरेचा एक भाग लगेच बाहेर पाठवतं आणि उरलेला हरितलवकातच (पेशीतल्या हिरव्या कणात) स्टार्चच्या कणांच्या रूपात साठवतं. अंधार पडला की हा साठा फुटायला लागतो. स्टार्चचे माल्टोज आणि ग्लुकोज होऊन हरितलवकाबाहेर येतात, त्यांचं सुक्रोज बनतं आणि ते देठावाटे मुळांकडे, कळ्यांकडे, शेंड्याकडे जातं. काही भाग पानातल्याच पेशी श्वसनात वापरतात. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपावर हे नीट मोजलेलं आहे: साठा रात्रभर जवळजवळ एकसारख्या वेगाने उतरतो आणि पहाटेपर्यंत सुमारे ९५ टक्के संपतो. रात्र मोठी असेल तर रोप वेगही कमी करतं. तेव्हा तुमच्या पानावर निळं न येणं हा फसलेला प्रयोग नाहीच, रात्रीच्या श्वसनाचा तो पुरावा आहे. दुपारी तीनला तोडलेलं पान शेजारी ठेवून दाखवलंत तर एकाच ताटलीत दोन्ही धडे होतील.

आता कृतीतल्या चुका. सगळ्यात मोठी म्हणजे गरम पानावर आयोडीन. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी पिळलेली असते, त्या पोकळीत आयोडीन शिरतं म्हणून निळा रंग दिसतो. उष्णतेने पीळ सैल होतो आणि रंग जातो, थंड झाल्यावर परत येतो. पान गरम पाण्यात बुडवायचं ते फक्त स्पिरिटने आलेला कडकपणा घालवायला. मग साध्या पाण्यात गार करा, पांढऱ्या ताटलीत पसरा, त्यानंतर आयोडीन. दोन-तीन मिनिटं थांबा.

सुरुवातीला उकळत्या पाण्यात पान मिनिटभर बुडवतात ती पायरीही गाळू नका. तिने पेशी मरतात, स्टार्च फोडणारी विकरं (एन्झाइम) थांबतात आणि पटलं फुटल्यामुळे पुढे स्पिरिट आणि आयोडीन आत शिरतात. स्पिरिट ज्योतीवर कधीही ठेवायचं नाही. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, वाफ लगेच पेट घेते. पाणी तापवा, बर्नर बंद करा, मग त्या पाण्यात स्पिरिटची परीक्षानळी उभी करा. पान पांढुरकं व्हायला पाच ते दहा मिनिटं. हिरवं राहिलं तर स्पिरिट बदला, कारण हिरव्या पानावरचा निळा रंग डोळ्यांना कळतच नाही.

काळा कागद लावून ‘प्रकाश आवश्यक’ दाखवायचं असेल तर झाड आधी २४ ते ४८ तास अंधारात ठेवायला हवं. म्हणजे कुंडीच लागेल, आवारातलं झाड चालणार नाही. नंतर ४ ते ६ तास ऊन.

मुलं घरून काहीही आणतात म्हणून सांगून ठेवतो: कांद्याची पात घेऊ नका. ती स्टार्च साठवतच नाही, साखर साठवते. गव्हाच्या पानातही स्टार्च फार थोडा. मक्याचं पान मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं. त्यात स्टार्च मुख्यतः शिरांभोवतीच्या पेशींत असतो, मधल्या हिरव्या पेशींत जवळपास नाही.

---

थर्मास_क्र_२

मेलेले मूग श्वसन करत नाहीत. त्यांच्यावर वाढणारे जीवाणू आणि बुरशी करतात. उकळलेला, ओला, कोमट मूग म्हणजे त्यांना आयतं ताट वाढलेलं. दीड-दोन दिवसांत वास येतो तो त्यांचाच.

असं मांडा. साधारण २०० ग्रॅम मूग रात्रभर भिजवा आणि दोन भाग करा. एक भाग १० मिनिटं उकळून पूर्ण गार होऊ द्या. कोमट भरले तर सुरुवातीचंच तापमान जास्त येतं आणि तुलना बिघडते. मग दोन्ही भाग घरगुती ब्लीचच्या पातळ द्रावणात (१ भाग ब्लीच, ९ भाग पाणी) १० मिनिटं ठेवून तीन-चार वेळा धुवा. फक्त मेलेल्यांना ब्लीच आणि जिवंतांना नाही, असं केलं तर तुलनेला अर्थ उरत नाही. जुन्या पुस्तकांत फॉर्मॅलिन सांगतात. वर्गात त्याच्या वाफा नकोत.

थर्मास अर्धाच भरा. तापमापीचा फुगा मुगांच्या मधोमध हवा. तोंडाला कापसाचा बोळा लावा, घट्ट बूच नको. बूच लावलं की आतला ऑक्सिजन संपतो, मूग विनॉक्सिश्वसनाकडे (ऑक्सिजनशिवायच्या श्वसनाकडे) वळतात, अल्कोहोलचा वास येतो आणि तापमान अपेक्षेपेक्षा कमी वाढतं, कारण ग्लुकोजमधली बहुतेक ऊर्जा त्या अल्कोहोलमध्येच अडकून राहते. नोंदी दर ४ तासांनी, पहिल्या २४ तासांतल्याच धरा.

---

एटीपीचा_हिशेब

३८ आणि ३२, दोन्ही आकडे एकाच गणिताचे आहेत. फरक विनिमयाच्या दराचा.

एक ग्लुकोज पूर्ण जळलं की थेट ४ एटीपी मिळतात: २ पेशीद्रवात ग्लुकोज फुटताना, २ क्रेब चक्रात. शिवाय १० एनएडीएच आणि २ एफएडीएच२, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू. पूर्वी एका एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच२चे २ एटीपी धरत. म्हणून ३० + ४ + ४ = ३८. पुढे कळलं की इथे पूर्णांक असण्याचं कारणच नाही. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि १९७८ चं नोबेल ज्याला मिळालं ते हेच: इलेक्ट्रॉनांच्या प्रवासात प्रोटॉन तंतुकणिकेच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) आतल्या पटलाबाहेर ढकलले जातात, ते परत आत येताना एटीपी बनतो. एका एनएडीएचमागे सुमारे १०, एफएडीएच२मागे सुमारे ६ प्रोटॉन बाहेर जातात आणि एक एटीपी तयार होऊन तंतुकणिकेबाहेर पोचायला सुमारे ४ लागतात. म्हणून दर २.५ आणि १.५. हिशेब २५ + ३ + ४ = ३२. पेशीद्रवातले २ एनएडीएच आत जाताना स्वस्त मार्गाने गेले तर त्यांचेही १.५ च मिळतात, मग ३०.

पेपरात तुमच्या पाठ्यपुस्तकातला आकडा. वर्गात मात्र ‘सुमारे ३० ते ३२’ सांगून हे गणित फळ्यावर करून दाखवा, दहावीची मुलं सहज करतात.

याच गणितातून थर्मासही समजतो. एक मोल, म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजमध्ये सुमारे ६८६ किलोकॅलरी. एक मोल एटीपीचे प्रमाण परिस्थितीत ७.३ किलोकॅलरी धरले तर ३२ चे २३४ च्या आसपास, म्हणजे ३४ टक्के. प्रत्यक्ष पेशीत वाटा यापेक्षा जास्त असतो, पण बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते हे खरंच. पारा चढतो तो त्या उष्णतेने.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतील: हरितलवकातही एटीपी बनतो, मग पानाला श्वसन कशाला? तो एटीपी बहुतांश तिथेच खर्च होतो. एका ग्लुकोजइतकी साखर बनवायला १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच (एनएडीएचसारखाच वाहक रेणू) लागतात. शिवाय एटीपी मुळांपर्यंत पाठवता येत नाही, रात्रीसाठी साठवता येत नाही. साखरेचं दोन्ही होतं.

---

दहावी_ब_विज्ञान

मूग आणि एटीपी दोन्ही कळलं, आभार. पण शाळा साडेबाराला सुटते. दुपारी तीनचं पान सकाळी वर्गात कसं दाखवायचं? आणि दिवसा झाड श्वसन थांबवतं का? चुन्याच्या निवळीचा प्रयोग (कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते) उजेडात केला तर ती दुधाळ होत नाही.

---

हरितलवक

थांबत नाही. उजेडात श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे प्रकाशसंश्लेषणात वापरला जातो, निवळीपर्यंत पोचतच नाही. झाडावरच्या काचेच्या हंडीला काळं कापड गुंडाळा. कुंडीच्या मातीवर पॉलिथिन घट्ट बांधा, नाहीतर मातीतल्या जीवाणूंचा वायू झाडाच्या नावावर जमा होतो. शेजारी झाड नसलेली तशीच हंडी ठेवा, कारण उघड्या हवेतही निवळीवर साय धरते.

पानाचं सोपं आहे. आदल्या दिवशी दुपारी तीनला पान तोडून लगेच मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. विकरं तिथेच थांबली की स्टार्च जसाच्या तसा राहतो आणि तो अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, पान बुडेल इतक्या गार स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी हरितद्रव्य आपोआप उतरलेलं असतं, वर्गात स्पिरिट तापवायची गरज नाही. साडेसातला ताजं पान तोडून त्याचं हरितद्रव्य मात्र गरम पाण्यातल्या परीक्षानळीतच काढावं लागेल. दोन्ही पानं ओळखायला देठाला दोरा बांधा. पेनाची खूण स्पिरिटमध्ये पुसली जाते.