मांडूळ दिसलं, तर गावाचं नाव सांगायचं का?

बांधावरून:
रविवारी विहिरीशेजारची माती उकरताना मांडूळ निघालं. दीड हात लांब, विटकरी रंग, शेपूट इतकं बोथट की तोंड कुठलं ते पटकन कळत नाही. हात लावला नाही. त्यानं अंगाची गुंडाळी केली, डोकं खाली दडवलं आणि शेपूट वर धरलं. या सवयीमुळेच त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात. विषारी नाही, उंदीर खातं. थोड्या वेळानं आपणहून बिळात शिरलं.

पुतण्यानं गावाच्या नावासकट फोटो ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तीन अनोळखी फोन, तिघांचा पहिला प्रश्न एकच: वजन किती भरेल? गुप्तधन आणि काळ्या जादूच्या नादात या जीवाचे लाखांचे सौदे होतात. माझं मत पक्कं झालंय. फोटो टाका, जागा सांगू नका.

पिंगळावेडी:
दादा, काळजी कळते, पण मुद्दा मान्य नाही. जागेशिवाय नोंद म्हणजे नुसतं चित्र. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर तो कुणाला मिळाला नव्हता. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मात्र १९१४ मध्ये गुजरातेत त्याचा नमुना, म्हणजे मारून जतन केलेला पक्षी, मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि त्यावरची चिठ्ठी खोटी. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते उघडकीला आणलं, खऱ्या जुन्या नोंदींवरून माग काढला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! खऱ्या जागा कुणी लिहूनच ठेवल्या नसत्या तर?

दापोलीकर:
मीही ताईंच्या बाजूचा. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर पूर्वी कासवांची अंडी उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन घरटी राखली. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबून माणसं येतात. गावाचं नाव झालं, म्हणून कासवं वाचली.

बांधावरून:
वेळासला अंड्यांना कुंपण आहे, राखण आहे. माझ्या बांधावर रात्री कोण बसणार? आणि ताई, पिंगळा उडून जातो. मांडूळ त्याच बिळात सापडतं, कुदळ घेऊन येणाऱ्याला तेवढं पुरतं.

नोंदवही:
नोंद करणं वेगळं आणि गावभर सांगणं वेगळं. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, बाकीच्यांची आपल्याला झाकता येते. अभ्यासकाला जिल्हा कळतो, बीळ नाही.

पिंगळावेडी:
तेवढं चालेल. पण ‘सांगूच नका’ याला माझा विरोध कायम. लपवलेला जीव गेला तर गेल्याचंही कुणाला कळत नाही.

बांधावरून:
नोंद करतो, जागा झाकून. ग्रुपवरचा फोटो पुतण्याला काढायला लावलाय आणि ते तिन्ही नंबर वनविभागाला दिलेत.