लेकीला 'खरा' प्रयोग करायचाय, सुरुवात कुठून करू?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. प्रयोग म्हणजे वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, आणि अनुमान पुस्तकात आधीच छापलेलं. परवा तिने विचारलं, "उत्तर माहीतच असेल तर प्रयोग कशाला करायचा?" मला काही सांगता आलं नाही. व्हिडिओ शोधले तर जिकडेतिकडे फेस उसळणारे ज्वालामुखी. घरी करता येईल आणि शास्त्रीय पद्धतही अंगवळणी पडेल असं काही सुचवा. मी कॉमर्सवाली, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

अर्धा_चमचा
बिया रुजवा. एक कुंडी उजेडात, एक अंधारात. रोज उंची मोजायची. सोपं आणि मजेचं.

निवृत्त_मास्तर
बियांशी माझं वैर नाही, पण पहिलाच प्रयोग म्हणून नकोत. दोन्ही कुंड्यांत पाच-पाच बिया टाकल्या आणि एक किडकी निघाली की तिथेच २० टक्क्यांचा फरक, आणि मुलं तो उजेड-अंधाराच्या खात्यावर टाकून मोकळी होतात. शिवाय निकालाला आठवडा. चूक कळेपर्यंत उत्साह संपतो.

लंबक घ्या. दोरा, एक नट, घड्याळ. प्रश्न असा: झोक्याला (जाऊन परत आला की एक झोका) लागणारा वेळ कशावर ठरतो? वजनावर, दोऱ्याच्या लांबीवर, की किती लांब ओढून सोडला त्यावर? करण्याआधी तिला अंदाज लिहायला लावा, पेनने. तेच गृहीतक. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. दोन बदलल्या की फरक कशामुळे पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एकच झोका मोजू नका. घड्याळाचं बटण दाबण्यात माणसाची सेकंदाच्या एक-दोन दशांशांची चूक होतेच. २० झोके मोजून २० ने भागलं की ती चूकही २० ने भागली जाते. प्रत्येक मोजणी निदान तीनदा.

गाळीव_वाळू
मास्तरांना +१. "एका वेळी एकच बदल" याचं मला आवडणारं उदाहरण जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरचं. १७४७ साली जहाजावरचे स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेले १२ खलाशी घेऊन त्याने सहा जोड्या केल्या. रोजचं जेवण सगळ्यांना सारखं, फक्त प्रत्येक जोडीला उपाय वेगळा. संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. बाकीच्या पाच जोड्या नसत्या तर 'आपोआपच बरे झाले असतील' म्हणता आलं असतं. तुलनेला काहीतरी हवंच.

अर्धा_चमचा
ठीक, बिया मागे घेतो. पण झाडांची बाजू थोडी मांडू द्या! सतराव्या शतकातल्या व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं, माती घटली जेमतेम २ औंस. म्हणजे झाड मातीतून बनत नाही, हे बरोबर. पण त्याने निष्कर्ष काढला की सगळं पाण्यातूनच आलं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा विचारच नव्हता. मोजमाप चोख, निष्कर्ष अर्धवट.

कोरी_पाटी
दोन दिवसांनी हजर आहे. दोरा ५० सेंटिमीटर. अंदाज: "जड लंबक हळू." एका नटला २० झोके: २८.४, २८.५, २८.३ सेकंद. पाच नट लावल्यावर: २९.५, २९.४, २९.६. बाईसाहेब खूश, अंदाज बरोबर आला! पण मी नेटवर वाचलं की वजनाने फरक पडत नाही. आता हे आकडे खोडायला सांगू का?

निवृत्त_मास्तर
अहो ताई, मुळीच नको! खोडलं तर ती आयुष्यभर पुस्तकाकडे बघून आकडे लिहील. (चाळीस वर्षं तसल्या वह्या तपासल्यात, म्हणून कळवळून सांगतोय.) सेकंदाच्या वरचा फरक आणि तिन्ही वेळा एकाच दिशेने, म्हणजे बटणाची चूक नव्हे. काहीतरी खरोखर बदललंय. पाच नट कसे बांधले?

कोरी_पाटी
एकाखाली एक. माळेसारखे.

गाळीव_वाळू
सापडला चोर. लांबी टांगलेल्या वजनाच्या मध्यापर्यंत मोजतात. माळ केल्यावर मध्य खाली सरकला, म्हणजे वजनाबरोबर लांबीही बदलली. चार सेंटिमीटरने सरकला असेल तर ५४ सेंटिमीटरच्या लंबकाला २० झोक्यांना २९.५ सेकंदच लागतात. आकडे अगदी बरोबर आहेत तिचे. पण हे तिला सांगू नका, नुसतं विचारा, "नटांखेरीज आणखी काय बदललं?"

कोरी_पाटी
विचारलं. दहा मिनिटं लंबकाकडे बघत बसली, मग पट्टी आणायला पळाली. पाचही नट एकाच उंचीवर जुडी करून बांधले, लांबी पुन्हा ५० केली. २८.४, २८.३, २८.५. जुना अंदाज वहीत तसाच ठेवून खाली लिहिलंय, "माळ होती म्हणून फसले."

आता नवीन खूळ: लांब ओढून सोडलं तर? पुस्तकात म्हणे फरक पडत नाही.

निवृत्त_मास्तर
पुस्तकात जवळपास कुठेतरी 'लहान कोनासाठी' असे शब्द असतील. १० अंशांवर फरक तिच्या घड्याळात दिसायचा नाही. ६० अंशांवरून सोडायला सांगा. अंदाज आधी, पेनने.

कोरी_पाटी
लिहून झालाय. कोनमापक शोधतेय.