बहामाला स्वतःच्या यॉटने जायचंय, एक्झुमाबद्दल सांगा ना

मंडळी, फेब्रुवारीत मायामीहून बिमिनी (वाटेतलं बहामाचंच बेट) करून एक्झुमा बेटांकडे जायचं ठरतंय, आमच्या बोटीचा पाण्याखालचा भाग पावणेदोन मीटर आहे, चालेल का? आणि वाटेतल्या गल्फ स्ट्रीमची, त्या जोरदार सागरी प्रवाहाची, जाम धास्ती वाटतेय.

उत्तर: चालेल, भरती बघून चला. गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे वाहतो, म्हणून उत्तरेचा वारा असेल तर अजिबात निघू नका, वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडले की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. आम्ही चार दिवस थांबलो, पाचव्या दिवशी दक्षिणेचा मंद वारा मिळाला न आरामात पोचलो. पोचल्यावर पिवळा झेंडा लावा, क्लिअरन्सआधी (कस्टम्स-इमिग्रेशनची परवानगी मिळेपर्यंत) कॅप्टन सोडून कुणी उतरायचं नाही.

उत्तर: उथळ भागात ऊन डोक्यावर असतानाच चाला, पाण्याचा रंग वाचता येतो, पांढरट म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे खडक नाहीतर प्रवाळ. नांगर टाकला की मास्क लावून खाली बघाच, आमचा एकदा नुसता गवतावर आडवा पडला होता! एक्झुमातल्या वॉर्डरिक वेल्स बेटावर थांबाच, १९५८ पासूनचं संरक्षित पार्क आहे, मासेमारी, शंख उचलणं सगळं बंद, म्हणून तर तिथे मासे इतके निवांत फिरतात.

प्रश्नकर्ता: खूप आभार, वाऱ्याची वाट बघायची तयारी ठेवतो.