अनोळखी माणसाचा पोर्ट्रेट: चेहरा काळा पडतो, डोळा सॉफ्ट येतो

फिरस्ता_पुणे
आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात त्या हंगामात नागपूरला येतोय. कळमन्याचा संत्रा बाजार, इतवारी, महाल इथं भेटणाऱ्या माणसांचे पोर्ट्रेट काढायचेत. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ लेन्स. माणूस हो म्हणतो, पण कॅमेरा डोळ्याला लावला की आखडतो. ताडपत्रीखाली चेहरा काळा, आणि एक डोळा शार्प तर दुसरा सॉफ्ट, म्हणजे धूसर. काय बदलू?

छायाप्रकाश
सॉफ्ट डोळ्याचं कारण एफ/१.८, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं. सव्वा मीटरवरून जेमतेम ४ सेंटिमीटर भाग शार्प राहतो. मान जराशी वळली की पलीकडचा डोळा गेला. छिद्र लहान करून एफ/४ वर नेलं की हाच शार्प भाग साधारण ९ सेंटिमीटर होतो. फोकस जवळच्या डोळ्यावर, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो.

चेहरा काळा पडतो कारण मागचा उन्हातला रस्ता कॅमेऱ्याला फसवतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ केलं तर चेहरा उजळेल, पण मागचं सगळं पांढरं होईल. त्यापेक्षा जागा बदला: तुम्ही रस्त्याच्या बाजूला या, म्हणजे माणसाचं तोंड उजेडाकडे आणि पाठीमागे दुकानाचा अंधार. उजेड अडू नये म्हणून थोडं तिरकं उभं राहा. डोळ्यांत चमक येते ती इथेच. आता मात्र उलटं होतं, अंधारामुळे चेहरा जास्त उजळतो, म्हणून एक्स्पोजर –०.७ ठेवा.

निळ्या ताडपत्रीचं वेगळं. वरून निळा उजेड आणि रस्त्यावरून पांढरा, असे दोन रंग एकाच चेहऱ्यावर पडले की कुठलाच व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याचं सेटिंग) पुरत नाही. दोन पावलं कडेला बोलवा.

बर्डीकर
आखडण्याबद्दल. सेटिंग आधीच, त्याच उजेडात स्वतःच्या तळहातावर जमवून घ्या. हो म्हटल्यावर बटणं फिरवत बसलात की समोरचा पुतळा होतो. कॅमेरा लपवू नका, गळ्यात दिसू द्या. आधी कामाचं बोला: "काकाजी, यंदा माल कसा आहे?" बोलता बोलता दोन-तीन फोटो काढा, मग कॅमेरा खाली घ्या. खांदे सैल पडतात, तेव्हाचा फोटो घ्यायचा. "हसा" म्हणू नका. हातात क्रेट असेल तर राहू द्या, हातांना काम हवं.

लिलाव चालू असताना कोणाला थांबवू नका भाऊ, लोक रोजीचं काम करून राहिले असतात. पाठीवर ओझं असलेल्या हमालाला तर कधीच नाही. लिलाव आटोपून चहा आला की निवांत भेटतात.

फिरस्ता_पुणे
अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणं ठीक राहील का?

बर्डीकर
जरूर जा. पण रांगेतल्या किंवा हात जोडलेल्या माणसाला हाक मारू नका. बाहेर आल्यावर विचारा. लहान मुलं असतील तर आईवडिलांना. फोटोला हो म्हणजे सोशल मीडियाला हो नाही, ते वेगळं विचारायचं.

छायाप्रकाश
आणि वहीत दुकानाचं नाव, गल्ली लिहून घ्या. ४ बाय ६ इंचांची मॅट (बिनचकाकीची) प्रिंट पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो दाबला जातो.